काळा एल्डर : तो कुठे उगवतो आणि तिथेच का उगवतो

नेकरकाठ

मे महिना संपत आला की जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. रेल्वेच्या भरावावर, शेताच्या बांधावर आणि जुन्या दफनभूमीच्या भिंतीलगत ताटलीएवढे पसरट, साईच्या रंगाचे फुलोरे आलेले हे झुडूप कोणते, आणि त्याच्या फुलांचे सरबत खरोखर घरी करता येते का? हे झुडूप म्हणजे काळा एल्डर. जर्मनीत त्याला होलुंडर म्हणतात, ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात होलर. लिनियसने १७५३ मध्ये त्याला सॅम्ब्युकस नायग्रा हे शास्त्रीय नाव दिले. सरबताच्या कृती जागोजागी मिळतात, त्यामुळे येथे मुख्यतः हे झाड कुठे उगवते, तिथेच का उगवते आणि त्याच्या भावंडांपासून ते वेगळे कसे ओळखावे, एवढ्यापुरते लिहितो.

वनस्पतींच्या पुस्तकांत त्याचा प्रदेश बहुधा एका ओळीत उरकलेला असतो : स्कॅन्डिनेव्हियाच्या दक्षिण भागापासून भूमध्य समुद्रापर्यंत जवळजवळ सारा युरोप, शिवाय तुर्कस्तान आणि कॉकेशस. आल्प्समध्ये ते साधारण १५०० मीटर उंचीपर्यंत चढते. युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर ते न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातही पोहोचले आणि न्यूझीलंडमध्ये तर आता तण म्हणूनच गणले जाते. ही माहिती बरोबर असली, तरी आपल्या गावात ते शोधायला निघालेल्या माणसाला तिचा काडीचा उपयोग नाही, कारण त्याच गावात एका टेकडीवर एल्डरचे नाव नसते आणि दुसऱ्या टेकडीच्या पायथ्याला त्याची दाटी असते. हवामानापेक्षा जमीन हे त्याचे खरे बंधन आहे. नत्र आणि स्फुरद भरपूर असलेली, बऱ्यापैकी ओलसर पण पाणी न साचणारी माती त्याला लागते. मध्य युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञ हाइन्झ एलेनबेर्ग यांनी झाडांना जमिनीच्या गरजेनुसार अंक दिले. नत्राच्या त्या १ ते ९ च्या मोजपट्टीवर काळ्या एल्डरला ९, म्हणजे सर्वांत वरचा अंक आहे. आग करणारे नेटल हे त्याचे नेहमीचे शेजारी. नेटलचे रान माजलेले दिसले की मान वर करून पाहावे, एल्डर जवळपास असतेच.

अशी माती युरोपात सगळ्यांत सहज कुठे सापडते? गोठ्यामागे, उकिरड्याजवळ, पडक्या घरांच्या आवारात आणि जुन्या शौचकूपांच्या जागी. म्हणूनच हे झाड माणसाच्या मागोमाग फिरते असे दिसते. ते कोणी लावलेले असेलच असे नाही. त्याची फळे कस्तुर, स्टार्लिंग आणि ब्लॅककॅप हे पक्षी खातात, भिंतीवर, तारेवर किंवा मोठ्या झाडावर जाऊन बसतात आणि बिया खतासकट खाली टाकतात. कुंपणाच्या रेषेत उगवलेली एल्डरची रांग पाहिली तर ती पक्ष्यांच्या बैठकीची रांग आहे, हे लक्षात येते.

ओळखण्याच्या खुणा : उंची बहुधा ३ ते ६ मीटर, क्वचित १० मीटर. पाने समोरासमोर, प्रत्येक पान ५ किंवा ७ पर्णिकांचे, पर्णिकांच्या कडा करवतीसारख्या दंतुर. पान चुरगळले तर उग्र, नकोसा वास येतो. फुलांचा वास मात्र गोड असतो. जुन्या खोडाची साल भेगाळलेली आणि बुचासारखी मऊ. कोवळी फांदी मोडली तर आत पांढराशुभ्र, हलका गाभा दिसतो. फुले मेअखेर ते जूनमध्ये येतात. फळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पिकतात, तेव्हा ती जांभळट काळी होतात आणि घोस वजनाने खाली झुकतो.

घोस खाली झुकणे ही खूण विशेष लक्षात ठेवावी, कारण गल्लत होण्याचा खरा धोका बुटक्या एल्डरशी, म्हणजे सॅम्ब्युकस एब्युलसशी आहे. त्याचीही फळे काळी असतात, पण घोस ताठ उभा राहतो. पर्णिका अरुंद आणि संख्येने जास्त असतात, परागकोश पिवळ्याऐवजी जांभळट असतात आणि मुख्य म्हणजे त्याला लाकडी खोडच नसते. दरवर्षी जमिनीतून नवे धुमारे फुटून ते दीडेक मीटर वाढते आणि हिवाळ्यात मरून जाते. त्याची फळे खाऊ नयेत. तिसरे भावंड लाल एल्डर डोंगराळ जंगलात आढळते. त्याचा फुलोरा शंकूसारखा, फळे लाल आणि फांदीतला गाभा तपकिरी असतो, त्यामुळे तिथे फारशी गल्लत होत नाही.

आपापल्या गावात हे झाड नेमके कोणत्या जागी दिसते, ते सर्वांनी लिहावे अशी विनंती आहे.

डाउन्सवासी

उत्तम धागा. मी ससेक्समध्ये राहतो. येथील चुनखडीच्या टेकड्यांवर माती इतकी पातळ आणि नत्राला इतकी गरीब आहे की आपल्या वर्णनानुसार तिथे एल्डर दिसायला नको. तरीही उघड्या गवताळ उतारावर मध्येच त्याची बेटे असतात, आणि जवळ गेल्यावर प्रत्येक बेटाखाली सशांची बिळे दिसतात. सशांच्या वर्दळीने माती उकरली जाते, लेंड्यांमुळे खत मिळते आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे ससे आजूबाजूचे सारे काही कुरतडतात, पण एल्डर आणि नेटल यांना सहसा तोंड लावत नाहीत. बॅजरच्या बिळांवरही हेच दृश्य असते. म्हणजे माणसाच्या मागोमाग फिरण्यापेक्षा हे झाड विष्ठेच्या मागोमाग फिरते, असे म्हणणे जास्त नेमके ठरेल.

आणखी एक. मध्ययुगात ओस पडलेल्या खेड्यांच्या जागी आज नुसते कुरण असते, पण नेटल आणि एल्डर यांच्या वाढीवरून जुन्या वस्तीचा अंदाज येतो, कारण नत्र पावसाने वाहून गेले तरी स्फुरद मातीला धरून शतकानुशतके टिकते.

कायद्याविषयी : इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्याने रानात वाढलेल्या झाडाची फुले, फळे आणि पाने स्वतःपुरती तोडणे ही चोरी मानलेली नाही, विक्रीसाठी तोडली तर मात्र मानली जाते. याचा अर्थ कोणाच्याही जमिनीत शिरावे असा नव्हे.

शंकेखोर

आपण दोघेही एकाच बाजूला झुकत आहात असे वाटते. डॅन्यूबच्या काठच्या पूरक्षेत्रातील जंगलांत, माणसाचे घर नाही आणि सशांचे बीळही नाही अशा ठिकाणी, मोठ्या झाडांच्या सावलीत मी एल्डर भरपूर पाहिलेले आहे. मग ते उकिरड्याचे झाड कसे? मूळचे ते जंगलातले झाड असून वस्तीत नंतर आले, असे सरळ का म्हणू नये?

नेकरकाठ

शंकेखोर, आपले निरीक्षण बरोबर आहे आणि ते माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. नदीकाठची जंगले आणि जंगलांच्या कडा हेच त्याचे मूळ घर मानले जाते. पण तिथे काय घडते ते पाहावे. प्रत्येक पुराबरोबर गाळ येतो, आणि त्या गाळात तेच नत्र आणि तेच स्फुरद असते जे गोठ्यामागे शेणातून मिळते. शेती सुरू होण्यापूर्वी अशी सुपीक जागा नदीकाठी किंवा जनावरांच्या वावराच्या ठिकाणीच मिळत असणार. माणूस स्थिरावल्यावर त्याने ती दारापुढे तयार करून दिली. गर्द सावलीत एल्डर तग धरते, परंतु तिथे फुले तुरळक येतात. वर मोकळे आकाश मिळाले की तेच झाड फुलांनी भरते. सरबतासाठी फुले हवी असणाऱ्यांनी जंगलाच्या आत न शिरता कडेकडेने फिरावे ते यासाठी.

डाउन्सवासी, 'विष्ठेच्या मागोमाग' हे मान्य आहे, पण आमंत्रितांना सरबत देताना सांगण्यासारखे नाही.

जर्मनीतील नियमही येथेच नोंदवतो. निसर्गसंरक्षण कायद्याच्या ३९ व्या कलमानुसार रानातील फुले आणि फळे स्वतःच्या वापरापुरती, थोड्या प्रमाणात तोडता येतात; संरक्षित क्षेत्रांना वेगळे नियम आहेत. त्याच कलमानुसार १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात झुडपे आणि कुंपणे मुळापर्यंत छाटण्यास बंदी आहे, कारण तो पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो. उत्तरेकडील श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये शेतांच्या सीमेवर मातीचे बांध घालून त्यावर झुडपे वाढवण्याची जुनी पद्धत आहे. त्या बांधांवर हेझल आणि ब्लॅकथॉर्नबरोबर एल्डरही असते.

ग्राझकर

ऑस्ट्रियाच्या श्टायरमार्क प्रांतात एल्डर हे रानातले झाड एवढेच राहिलेले नाही, तर सफरचंदासारखे ओळीने लावलेले पीक आहे. आपण पूर्वेकडच्या टेकड्यांमधून जून महिन्यात गाडीने गेलात तर सबंध बागा पांढऱ्या दिसतील. येथे प्रामुख्याने हाशबेर्ग हा वाण लावतात. व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग येथे त्याची निवड झाली. रानातल्या झाडावर एकाच घोसात काही फळे काळी आणि काही हिरवी राहतात, ही मोठी अडचण असते. लागवडीच्या वाणात घोस मोठा असतो आणि फळे बरीचशी एकदम पिकतात, त्यामुळे तोडणी एका-दोन फेऱ्यांत उरकते. डेन्मार्कमध्येही साम्पो आणि सामडाल असे वाण तयार झाले आहेत.

या पिकातील बरेचसे उत्पादन सरबतासाठी न जाता रंगासाठी जाते. फळांतील अँथोसायनिन हा रंग दही, मिठाई आणि पेयांत वापरतात. युरोपात खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर ई १६३ असे लिहिलेले दिसले तर तो याच गटातला रंग असतो, मग तो एल्डरचा असेल, द्राक्षाच्या सालीचा असेल किंवा काळ्या गाजराचा.

द्राक्षवेल

रंगाचा विषय निघाला म्हणून पोर्तुगालची गोष्ट सांगतो. अठराव्या शतकात डोरो नदीच्या खोऱ्यातील पोर्ट वाइनला इंग्लंडमध्ये मोठी मागणी होती आणि गडद रंगाला चांगला भाव मिळे. तेव्हा फिकट, हलक्या वाइनमध्ये एल्डरच्या फळांचा रस मिसळून ती भारी म्हणून खपवण्याचा प्रकार इतका वाढला की व्यापाराची पत गेली. १७५६ मध्ये पोर्तुगालचा मंत्री मार्किस ऑफ पोंबाल याने डोरोच्या वाइन व्यापारावर नियंत्रण ठेवणारी कंपनी स्थापन केली आणि नंतर त्या प्रदेशातील एल्डरची झाडे उपटून टाकण्याचे हुकूम निघाले. एखाद्या झाडाच्या 'कुठे उगवते' या प्रश्नाचे उत्तर सरकारी हुकमाने बदलल्याचे हे उदाहरण मला फार मजेशीर वाटते. त्यातही गंमत अशी की, डोरोच्या दक्षिणेला वरोझाच्या खोऱ्यात आज एल्डरचीच शेती होते आणि तिथली फळे परदेशी, विशेषतः जर्मनीला जातात.

एल्बची_सुगरण

हॅम्बुर्गकडे याच्या फळांचे गरम सूप करतात. त्यात सफरचंदाच्या फोडी आणि रव्याचे उकडलेले गोळे घालतात, आणि थंडीच्या दिवसांत ते जेवण म्हणूनच खातात. दक्षिणेकडे फुलोरा देठासकट पातळ पिठात बुडवून तळतात आणि वर पिठीसाखर भुरभुरवतात. पण येथे कृती देण्यापेक्षा एक सूचना देणे मला अधिक आवश्यक वाटते : फळे कच्ची खाऊ नयेत, आणि मुलांना तर झाडावरून तोडून मुळीच खाऊ देऊ नयेत.

पाने, साल, हिरवी फळे आणि बिया यांत सॅम्ब्युनिग्रिन नावाचे द्रव्य असते, त्यापासून पोटात सायनाइड तयार होऊ शकते. पिकलेल्या फळांत त्याचे प्रमाण कमी असले तरी कच्ची खाल्ल्यास मळमळ, उलट्या आणि जुलाब होऊ शकतात. फळे काट्याने देठावरून सोडवावीत, हिरवी वेचून टाकावीत, नीट उकळावीत आणि रस गाळून बिया फेकून द्याव्यात. फुलांच्या बाबतीत कोरड्या दिवशी, ऊन चढल्यावर तोडलेली फुले उत्तम. ती धुऊ नयेत, कारण स्वादाचा मोठा भाग परागातच असतो. नुसती झटकून किडे काढावेत आणि हिरवे देठ शक्य तितके कापून टाकावेत. वर्दळीच्या रस्त्यालगतची आणि कीटकनाशक फवारलेल्या शेताच्या कडेची फुले तोडू नयेत.

बे_एरियाकर

सुगरणताईंच्या सूचनेला दुजोरा. १९८३ च्या ऑगस्टमध्ये येथे कॅलिफोर्नियात, माँटेरे परगण्यात, एका मेळाव्यात लोकांनी रानातल्या एल्डरची फळे पाने-फांद्यांसकट चेचून रस काढला आणि न उकळता प्यायला. ११ जण आजारी पडले आणि त्यांतील ८ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने सर्व बरे झाले.

ते झाड मात्र काळे एल्डर नव्हते. अमेरिकेच्या पश्चिम भागात निळे एल्डर असते, ज्याच्या फळांवर पांढरट निळी झाक दिसते. पूर्वेकडे, कॅनडातील नोव्हा स्कोशियापासून फ्लोरिडापर्यंत, कॅनेडियन एल्डर असते. ते मोठ्या झाडासारखे न वाढता मुळांतून फुटवे काढून ओलसर चरांच्या काठी दाट जाळी करते. काही वनस्पतिशास्त्रज्ञ या दोघांना काळ्या एल्डरच्याच उपजाती मानतात, काही स्वतंत्र जाती. फांद्या-पाने न वापरण्याचा आणि उकळण्याचा नियम तिन्हींना सारखाच लागू आहे.

बागेतला_पुणेकर

पुण्यात होमिओपॅथीच्या दुकानात सॅम्ब्युकस नायग्राची बाटली वर्षानुवर्षे मिळते, आणि आता एल्डरबेरीच्या गोळ्या आणि गमीही ऑनलाइन दिसतात. तेव्हा दोन प्रश्न. हे झाड पुण्यात किंवा महाबळेश्वरला लावता येईल का? आणि सर्दीवर त्याचा खरोखर उपयोग होतो का?

पर्णिका

मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करते. काळ्या एल्डरला पानगळीनंतरची खरी थंडी लागते. त्याच्या बिया आधी काही आठवडे उबेत आणि मग काही महिने गारव्यात राहिल्याशिवाय नीट रुजत नाहीत. छाट कलम मात्र सहज लागते. पुण्याच्या एप्रिल-मेमधील कोरड्या उन्हात ते सुखाने वाढेल असे मला वाटत नाही. महाबळेश्वरला गारवा अधिक असला तरी जून ते सप्टेंबरचा तिथला पाऊस आणि निचरा होऊन धुतलेली जांभ्याची माती या झाडाच्या आवडीच्या नेमक्या उलट आहे. कोणी युरोपातून येताना सामानात कलम किंवा बी आणण्याच्या विचारात असेल तर तसे करू नये. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयातीचा परवाना आणि तिकडचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि न्यूझीलंडचा अनुभव वर आलेलाच आहे.

सह्याद्रीत एल्डर रानात उगवत नाही, पण त्याच्याच कुळातील व्हायबर्नम वंशाची झाडे आहेत. समोरासमोर पाने आणि लहान पांढऱ्या फुलांचे पसरट गुच्छ पाहून नाते लक्षात येते. खऱ्या एल्डरसाठी मात्र हिमालयातच जावे लागते. पूर्व हिमालयात सॅम्ब्युकस अ‍ॅडनाटा आहे. काश्मीर आणि हिमाचलमध्ये सॅम्ब्युकस वाइटियाना आहे. ते बुटक्या एल्डरसारखे, दरवर्षी जमिनीतून उगवून माणसाच्या छातीपर्यंत वाढणारे. गुलमर्गला उन्हाळ्यात गेलेल्यांनी ते पाहिलेले असणार, फक्त नाव माहीत नसेल. या धाग्यातील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे ते सर्वाधिक माजते ते अतिचराईने उघड्या पडलेल्या कुरणांवर आणि गुज्जर-बकरवालांच्या कळपांच्या मुक्कामाच्या जागी. मेंढ्या-म्हशींच्या शेणाने तिथे नत्र साठते आणि जनावरे या झाडाला तोंड लावत नाहीत. डाउन्सवासींनी सशांविषयी जे लिहिले, तेच येथे मेंढ्यांच्या बाबतीत घडते.

एल्डरचा गाभाही उल्लेखनीय आहे. अठराव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ जॉन कँटनने केलेल्या विद्युतदर्शकात, म्हणजे विद्युतभार ओळखण्याच्या उपकरणात, दोऱ्याला टांगलेल्या हलक्या गोळ्या एल्डरच्या गाभ्याच्या असत. युरोपातील प्रयोगशाळांत पानाचा पातळ काप घेताना पान याच गाभ्याच्या चिरेत धरत. आमच्या महाविद्यालयात मुले त्यासाठी बटाटा किंवा गाजर आणत आणि काम भागत असे.

नेकरकाठ

पर्णिकाताई, गुलमर्गचा मुद्दा आम्हा कोणालाच सुचला नसता. मनापासून आभार.

पुणेकरांच्या दुसऱ्या प्रश्नाबाबत : युरोपीय औषध संस्थेने एल्डरच्या वाळवलेल्या फुलांना सर्दीच्या सुरुवातीच्या लक्षणांवरील पारंपरिक वनौषधी म्हणून मान्यता दिली आहे. या मान्यतेचा आधार दीर्घकाळचा वापर हा आहे. चाचण्यांनी सिद्ध झालेला परिणाम हा नव्हे. येथील औषधांच्या दुकानात या फुलांचा चहा मिळतो आणि घसा दुखत असताना गरम गरम प्यायला बरा वाटतो, एवढे मी खात्रीने सांगेन. गोळ्या आणि गमी यांच्या जाहिरातींवर विसंबून पैसे खर्च करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, विशेषतः इतर औषधे चालू असतील तर.

शंकेखोर

पूरगाळाचे उत्तर पटले. एकच पुरवणी जोडतो : शेतातून वाहून येणारी रासायनिक खते आणि वाहनांच्या धुरातून हवेत जाणारी नत्राची संयुगे यांमुळे मध्य युरोपातल्या जंगलांची मातीही आता पूर्वीपेक्षा नत्रयुक्त होत आहे, आणि त्याचा फायदा नेटल, ब्लॅकबेरी आणि एल्डर यांनाच होतो. तेव्हा गावाबाहेर, पूर्वी ते नसलेल्या जागी एल्डर दिसू लागले, तर आधी वरच्या अंगाला शेत आहे का ते पाहावे.